बसच्या पायरीचा प्रश्न आणि टॉम हार्किन

१३ जुलै १९९० रोजी अमेरिकेच्या सिनेट सभागृहात आयोवा राज्याचे सिनेटर टॉम हार्किन बोलण्यास उभे राहिले आणि आपल्या भाषणाचा काही भाग त्यांनी हातांनी केला. कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेत त्या सभागृहात झालेले ते पहिले भाषण मानले जाते. ते उद्देशून होते त्यांचे कर्णबधिर थोरले बंधू फ्रँक यांना. त्याच दिवशी सिनेटने ९१ विरुद्ध ६ मतांनी 'अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट' या विधेयकावर अखेरची मोहोर उमटवली. 'एडीए' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याचे सिनेटमधील प्रमुख प्रवर्तक हार्किन हेच होते.

या कायद्याविषयी लिहिताना नोकरी, शाळा, उपाहारगृहे, दूरध्वनी असे अनेक विषय ओघाने येतात. तथापि त्यातील सर्वाधिक परिणामकारक भाग कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखकाचे उत्तर 'सार्वजनिक वाहतूक' असे राहील. नोकरीचा हक्क कागदावर मिळाला, पण कार्यालयापर्यंत नेणाऱ्या बसची पहिली पायरीच चढता आली नाही, तर त्या हक्काची किंमत शून्य होते. हार्किन आणि त्यांचे सहकारी यांनी ही गोष्ट ओळखली होती. तिच्यावर त्यांनी शोधलेला तोडगा वरकरणी अगदी साधा होता.

कमिंगचे घर

थॉमस रिचर्ड हार्किन यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९३९ रोजी आयोवातील कमिंग या लहानशा गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत राबलेले, आई स्लोव्हेनियातून स्थलांतरित होऊन आलेली. टॉम दहा वर्षांचे असताना आई निवर्तली. बंधू फ्रँक यांचे ऐकणे बालपणीच गेले होते. त्यांना घरापासून दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कौन्सिल ब्लफ्स येथील कर्णबधिरांच्या निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथे त्यांच्यापुढे तीनच व्यवसाय ठेवले गेले : पाव भाजणारा, चांभार किंवा छापखान्यातील मदतनीस. यांपैकी एकाचीही आवड नसल्याचे सांगितल्यावर त्यांना भट्टीवर धाडण्यात आले. पुढे डी मॉइन येथील एका कारखान्यात त्यांना मनाजोगे काम मिळाले, कारण तेथील मालक कर्णबधिरांना आवर्जून कामावर घेत असे.

हार्किन आणखी एक आठवण सांगत. फ्रँक यांच्यासमवेत दुकानात गेले, की फ्रँक यांना ऐकू येत नाही हे ध्यानात येताच विक्रेता त्यांच्याकडे बघणेच सोडून देई आणि 'यांना काय हवे आहे?' असे टॉमना विचारी. दयेपोटी केलेली ही उपेक्षा हार्किन यांच्या मनात खोल रुतून बसली असावी. अपंगत्वाकडे धर्मादायाचा विषय म्हणून न पाहता नागरी हक्काचा विषय म्हणून पाहावे, हा त्यांचा पुढील काळातील आग्रह याच अनुभवांतून आला.

नौदलात वैमानिक म्हणून सेवा, त्यानंतर कायद्याचे शिक्षण, १९७५ ते १९८५ प्रतिनिधिगृह आणि १९८५ ते २०१५ अशी सलग तीस वर्षे सिनेट, हा त्यांचा राजकीय प्रवास. १९९२ च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला.

'बसमध्ये चढू द्या'

हार्किन सिनेटमध्ये येण्यापूर्वीच बसचा प्रश्न रस्त्यावर आला होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील ५०४ व्या कलमाने केंद्राचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना अपंगांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु त्या कलमाची नियमावली चार वर्षे रखडली. अखेर एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी इमारतीत अपंग आंदोलकांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा त्या नियमांवर स्वाक्षरी झाली.

नियम झाले, तरी बस बदलल्या नाहीत. ५ जुलै १९७८ रोजी कोलोराडोतील डेन्व्हर शहरात कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या रस्त्यांच्या चौकात एकोणीस अपंग स्त्री-पुरुषांनी आपल्या चाकांच्या खुर्च्या आणून दोन बस अडवल्या आणि रात्रभर तेथून हलण्यास नकार दिला. कृष्णवर्णीयांनी १९५५ मध्ये मोंटगोमेरी येथे बसमधील जागेसाठी लढा दिला होता. या मंडळींची मागणी त्याच्याही आधीच्या पायरीवरची होती. त्यांना बसमध्ये शिरायचे होते. याच आंदोलनातून १९८३ मध्ये 'अ‍ॅडाप्ट' ही संघटना उदयास आली. 'अमेरिकन डिसेबल्ड फॉर अ‍ॅक्सेसिबल पब्लिक ट्रान्झिट' हे तिचे मूळ नाव, म्हणजे संघटनेच्या नावातच सार्वजनिक वाहतूक होती.

दुसऱ्या बाजूला वाहतूक संस्था स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९७९ मध्ये केंद्रीय वाहतूक खात्याने बस आणि रेल्वे अपंगांना वापरण्याजोगी करण्याचे कडक नियम काढले. वाहतूक संस्थांच्या महासंघाने त्यांना न्यायालयात आव्हान दिले आणि १९८१ मध्ये अपील न्यायालयाने, हा बोजा ५०४ व्या कलमाच्या आवाक्याबाहेरचा आहे असे म्हणून नियम नाकारले. त्यानंतर जवळपास दशकभर निर्णय शहराशहरांवर सोडला गेला. एखाद्या शहराने बसला यांत्रिक लिफ्ट बसवावी किंवा त्याऐवजी अपंगांसाठी वेगळ्या छोट्या गाड्या चालवाव्यात, असा पर्याय होता. सिअ‍ॅटलसारखी शहरे पहिल्या वाटेने गेली, बहुतेकांनी दुसरी वाट धरली. त्या वेगळ्या गाड्यांसाठी आगाऊ नोंदणी करावी लागे, कारण सांगावे लागे आणि तरीही गाडी येईल याची शाश्वती नसे.

विधेयक आणि वाटाघाटी

एडीएचा पहिला मसुदा अपंगविषयक राष्ट्रीय परिषदेत तयार झाला. गमतीचा भाग असा, की या परिषदेचे सदस्य रोनाल्ड रेगन या पुराणमतवादी अध्यक्षांनी नेमलेले होते. एप्रिल १९८८ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन लोवेल वायकर आणि प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट टोनी कोएल्हो यांनी तो मांडला. वायकर यांच्या मुलाला डाऊन सिंड्रोम होता. कोएल्हो स्वतः अपस्माराचे रुग्ण. हा मसुदा अतिशय कडक होता. संस्थेचे अस्तित्वच धोक्यात येत असेल तरच सवलत, अशी त्याची भाषा होती. त्यावर मतदान झालेच नाही आणि नोव्हेंबर १९८८ च्या निवडणुकीत वायकर पराभूत झाले.

आता धुरा हार्किन यांच्याकडे आली. ते अपंगविषयक धोरणाच्या सिनेट पोटसमितीचे अध्यक्ष होते. ९ मे १९८९ रोजी त्यांनी नव्याने लिहिलेले विधेयक मांडले आणि येथेच त्यांचे खरे कौशल्य दिसते. जुन्या इमारती, जुनी वाहने यांच्याबाबत त्यांनी पाऊल मागे घेतले. फारशी अडचण वा खर्च न होता जे करता येईल तेवढेच तेथे मागितले. मात्र जे नवे बांधले वा विकत घेतले जाईल, त्यात सबब चालणार नाही, ही रेघ पक्की ठेवली. सरकारपक्षाशी झालेल्या वाटाघाटींत दंडात्मक नुकसानभरपाईची तरतूद सोडून द्यावी लागली. बदल्यात सार्वजनिक वापराच्या खासगी जागांची व्याप्ती विस्तृत राहिली. २ ऑगस्ट १९८९ रोजी समितीने १६ विरुद्ध शून्य आणि ७ सप्टेंबरला सिनेटने ७६ विरुद्ध ८ मतांनी विधेयक संमत केले.

इतका पाठिंबा दोन्ही पक्षांतून का मिळाला, याचे एक उत्तर सिनेटरांच्या घरांत सापडते. एडवर्ड केनेडी यांच्या एका मुलाचा पाय कर्करोगामुळे कापावा लागला होता. रिपब्लिकन नेते बॉब डोल यांचा उजवा हात महायुद्धात कायमचा निकामी झाला होता. ऑरिन हॅच यांचे मेहुणे पोलिओग्रस्त होते. पक्षभेद विसरायला लावणारा हा धागा हार्किन यांनी जाणीवपूर्वक पकडला, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रतिनिधिगृहात मात्र गाडे अडले. विधेयक चार समित्यांकडे गेले आणि महिनोन्‌महिने तेथेच घुटमळले. १२ मार्च १९९० रोजी अ‍ॅडाप्टच्या सुमारे साठ कार्यकर्त्यांनी संसद भवनासमोर आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली टाकल्या आणि पश्चिमेकडील दगडी पायऱ्या सरपटत चढण्यास प्रारंभ केला. त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. काही समर्थकांनाही हे दृश्य केविलवाणे वाटले. अपंगांना दयेचे पात्र म्हणून दाखवू नये, असे त्यांचे मत होते. पण देशभरच्या दूरचित्रवाणीवर त्या पायऱ्या दिसल्या आणि हा वाद पायऱ्यांचाच आहे हे समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

२२ मे रोजी प्रतिनिधिगृहात ४०३ विरुद्ध २० असे मतदान झाले. त्यानंतरही एचआयव्हीबाधितांना अन्न हाताळण्याच्या कामावरून दूर करण्याची मुभा देणारी एक दुरुस्ती आडवी आली. आजाराच्या भीतीपोटी हक्क कापण्याचा तो प्रयत्न हॅच यांच्या मध्यस्थीने, कोणते आजार अन्नातून पसरतात हे शास्त्रीय यादीने ठरवावे, अशा तोडग्यावर मिटला. २६ जुलै १९९० रोजी व्हाइट हाऊसच्या दक्षिणेकडील हिरवळीवर अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली.

कायद्यातील घड्याळ

सार्वजनिक वाहतुकीसंबंधीची तरतूद मुळातून वाचण्यासारखी आहे. स्वाक्षरीनंतर तीस दिवसांनी, म्हणजे २५ ऑगस्ट १९९० नंतर, कोणत्याही सार्वजनिक वाहतूक संस्थेने नियमित मार्गासाठी नवी बस घेण्याची प्रक्रिया सुरू केल्यास ती चाकाच्या खुर्चीसह चढता येण्याजोगीच असली पाहिजे. जुन्या बसला हात लावण्याची सक्ती नाही. अमेरिकेत मोठ्या बसचे आयुष्य साधारण बारा वर्षे धरले जाते. याचा अर्थ काहीही न मोडता, वेगळा निधी न उभारता, केवळ जुन्या बस भंगारात जात राहिल्या तरी बारा-पंधरा वर्षांत सारा ताफा बदलणार होता. विरोधकांचा खर्चाचा मुद्दा या एका युक्तीने बोथट झाला.

झालेही तसेच. १९९० च्या दशकारंभी देशातील निम्म्याच्या आसपास बसना लिफ्ट वा उतार होता. वीस वर्षांत जवळपास सर्व शहर बसना तो आला. आरंभीच्या यांत्रिक लिफ्ट वारंवार बिघडत, चालक त्या वापरण्यास नाखूश असत. पुढे जमिनीलगत तळ असलेल्या, थांब्यावर एका अंगाने झुकणाऱ्या आणि दाराशी साधी घडीची फळी असलेल्या बस रूढ झाल्या आणि लिफ्टचा त्रास मागे पडला. लहान मुलांच्या ढकलगाड्या नेणाऱ्या माता, गुडघे दुखणारे वृद्ध, जड पिशव्या बाळगणारे प्रवासी असे सारेच आता त्या फळीचा उपयोग करतात.

नियमावलीचा बारकावाही लक्षणीय आहे. बसमधील लिफ्ट बिघडली आणि पुढील योग्य बस तीस मिनिटांच्या आत येणार नसेल, तर संस्थेने पर्यायी वाहन पाठवायचे. अंध प्रवाशांसाठी बदलीचे थांबे, मोठे चौक यांची नावे मोठ्याने पुकारायची. ज्यांना साधी बस वापरणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलाच्या, म्हणजे सुमारे १.२ किलोमीटरच्या पट्ट्यात, बससेवेच्याच दिवशी आणि वेळेत स्वतंत्र गाडी द्यायची. तिचे भाडे नेहमीच्या भाड्याच्या दुपटीपेक्षा अधिक नको आणि प्रवासाचे कारण विचारायचे नाही. कोठे चाललात, हा प्रश्न अपंग नागरिकाला कोणी विचारू नये, इतकी साधी गोष्ट कायद्याला लिहावी लागली!

जेथे घड्याळ संथ होते

हीच युक्ती भुयारी रेल्वेला लागू पडली नाही. बस बारा वर्षांत बदलते, स्थानक शंभर वर्षे तेथेच असते. म्हणून कायद्याने सर्व स्थानकांऐवजी केवळ 'प्रमुख स्थानके' सुधारण्यास सांगितले आणि जेथे काम अतिशय खर्चिक आहे, तेथे तीस वर्षांपर्यंत मुदत देण्याची सोय ठेवली. न्यूयॉर्कमध्ये शंभर प्रमुख स्थानकांसाठी २०२० ही मुदत ठरली. त्या शहरात एकूण ४७२ स्थानके आहेत. २०२२ मध्ये त्यांपैकी सुमारे चौथा हिस्साच चाकाच्या खुर्चीने वापरता येण्याजोगा होता. त्या वर्षी झालेल्या तडजोडीनुसार तेथील वाहतूक प्राधिकरणाने उरलेल्या स्थानकांपैकी ९५ टक्के स्थानके २०५५ पर्यंत सुधारण्याचे मान्य केले. याउलट सॅन फ्रान्सिस्को परिसरातील 'बार्ट' रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली, तीच स्थानकांतील लिफ्टसह. आराखड्याच्या वेळीच एका अपंग नागरिकाने पाठपुरावा केला होता.

लांब पल्ल्याच्या रेल्वेची कथा आणखी बोलकी आहे. 'अ‍ॅमट्रॅक'ला स्थानकांसाठी वीस वर्षे दिली गेली. २०१० ची ती मुदत उलटून गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये न्याय विभागाशी तडजोड करून अ‍ॅमट्रॅकला अपंग प्रवाशांच्या भरपाईसाठी साडेबावीस लाख डॉलर बाजूला ठेवावे लागले. गावोगाव धावणाऱ्या खासगी बसकंपन्यांनी तर १९९० मध्येच अभ्यास समितीची मागणी करून वेळ मिळवला. त्यांच्यासाठीचे नियम १९९८ मध्ये आले आणि मोठ्या कंपन्यांचा नियमित मार्गांवरील ताफा पूर्ण बदलण्याची मुदत ऑक्टोबर २०१२ पर्यंत गेली. हार्किन यांनी केलेल्या तडजोडींचे मोल कोणी चुकवले, हे या तारखांवरून कळते.

वाहतुकीखेरीज हार्किन यांच्या नावे आणखी बरेच आहे. दूरचित्रवाणी संचांत संवादपट्ट्या दाखवण्याची यंत्रणा अनिवार्य करणारा १९९० चाच कायदा त्यांच्या पुढाकाराने झाला. जुलै १९९३ पासून तेरा इंच वा मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या संचात ती यंत्रणा आली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ आणि २००२ च्या निकालांत 'अपंग' या संज्ञेचा अर्थ इतका आवळला, की औषधाने आजार आटोक्यात ठेवणारा माणूस संरक्षणातून वगळला जाऊ लागला. हॅच यांच्यासह हार्किन यांनी दुरुस्ती विधेयक नेटाने लावून धरले आणि २५ सप्टेंबर २००८ रोजी धाकट्या बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

सारेच यश नव्हते. ४ डिसेंबर २०१२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास संमती देण्याचा ठराव सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८ असा पडला. दोन तृतीयांशासाठी पाच मते कमी पडली. एकोणनव्वद वर्षांचे बॉब डोल चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आले होते, तरीही त्यांच्या पक्षातील बहुसंख्य सदस्यांनी विरोधी मत दिले. अमेरिकेने स्वतःच्या कायद्यावरून प्रेरणा घेतलेल्या कराराला नाकारावे, हा हार्किन यांच्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत कटू पराभव. अपंगांच्या रोजगाराचे प्रमाणही कायद्यानंतर अपेक्षेइतके वाढले नाही आणि हे त्यांनी स्वतः वारंवार मान्य केले.

भारताशी नाते

भारताने तो करार २००७ मध्येच मान्य केला. त्याआधी संसदेने १९९५ च्या अखेरीस अपंग व्यक्ती अधिनियम संमत केला, तेव्हा अमेरिकी कायद्याचा दाखला समोर होताच. त्यासाठी आंदोलन उभारणारे जावेद अबिदी अमेरिकेत शिकून परतले होते. मात्र दोन कायद्यांतील एका वाक्याचा फरक निर्णायक ठरला. आपल्या कायद्याच्या ४४ व्या कलमाने बस, रेल्वे, विमाने अपंगांना अनुकूल करण्याचे काम 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' करण्यास सांगितले. तारीख दिली नाही. २०१६ च्या नव्या कायद्याच्या ४१ व्या कलमातही जुन्या वाहनांच्या सुधारणेला 'तांत्रिकदृष्ट्या शक्य' आणि 'आर्थिकदृष्ट्या परवडणारे' अशी कुंपणे आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात केंद्राच्या नियमावलीतील सुगम्यतेसंबंधीचा १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कारण त्यातील मानके बंधनकारक नसून केवळ शिफारशीवजा होती. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. मुंबईच्या उपनगरी गाडीत अपंगांसाठी डबा राखीव असतो, पण फलाटावर नेणारा पूल केवळ जिन्याचा असेल, तर तो डबा कोणासाठी राखीव राहतो, हा प्रश्न येथील प्रवाशाला नवा नाही.

हार्किन यांनी २०१५ च्या आरंभी सिनेट सोडली. त्यांच्या नावाची सार्वजनिक धोरणविषयक संस्था डी मॉइन येथील ड्रेक विद्यापीठात २०१३ पासून कार्यरत आहे. डिसेंबर २०१४ मधील निरोपाच्या भाषणात त्यांनी पुन्हा एकदा हातांचा आधार घेतला आणि सहकाऱ्यांना एकच खूण शिकवली. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफायची आणि ते हात समोर गोल फिरवायचे. अमेरिकेच्या खुणांच्या भाषेत त्या खुणेचा अर्थ 'अमेरिका' असा होतो.